यादी चारशे नावांची, ओळी मात्र बाराच! पिग्मीच्या ॲपमध्ये टिक चुकीच्या नावावर का दिसते?

पिग्मी एजंटाच्या काखेतली जाड वही जाऊन हातात मोबाइल आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी काय किंवा पलीकडे चंदगड, कोल्हापूर काय, संध्याकाळी दुकानाच्या दारात उभं राहून एजंट मोबाइलवर नाव शोधतो, रक्कम टाकतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. वेळ लागतो जेमतेम अर्धा मिनिट. पण या अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर जी यादी वरखाली सरकत असते, तिच्यात एक विचित्र प्रकार कधी कधी दिसतो. तिसऱ्या नावापुढे 'आज भरले' अशी टिक केली, यादी खाली सरकवली, तर पंधराव्या नावापुढेही टिक! त्या खातेदाराकडे एजंट अजून गेलेलाही नसतो.

अशा वेळी एजंट मोबाइलला दोष देतो, खातेदार एजंटाकडे संशयाने बघतो आणि पतसंस्थेच्या काउंटरवर 'सर्व्हर डाउन असेल' असं ठरलेलं उत्तर मिळतं. खरं तर यात सर्व्हरचा संबंध नसतो, मोबाइलही बिघडलेला नसतो. मोबाइलवरची यादी कशी तयार होते हे समजलं की दोष कुठला आणि तो कोणी दुरुस्त करायचा, हे लगेच ध्यानात येतं.

पिग्मीचा हिशेब मुळातच ओळींचा हिशेब आहे. ही योजना आपल्याच राज्यातली. १९२८ साली उडुपीच्या बँकेने (पुढे ती सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली) घरोघरी माणूस पाठवून दिवसाला दोन आण्यांपासून बचत गोळा करायला सुरुवात केली. तेव्हापासून पद्धत तीच आहे: एक खातेदार, एक ओळ, रोजची एक रक्कम. वहीत ही ओळ कागदावर पक्की असे. सतराव्या ओळीवरचं नाव पान उलटलं म्हणून अठराव्या ओळीवर जात नसे. मोबाइलवर नेमकी हीच गोष्ट बदलली.

चारशे ओळी मुळात नसतातच

समजा, एजंटाकडे चारशे खाती आहेत. स्क्रीनवर एका वेळी दिसतात आठ ते दहा. बघणाऱ्याला वाटतं, चारशे ओळींची लांबलचक पट्टी आत कुठेतरी गुंडाळून ठेवलेली आहे आणि बोटाने ती वर ओढली जाते आहे. तसं नसतं. मोबाइल ओळी तयार करतो दिसतात तेवढ्या, वर दोनचार जास्तीच्या. बारा धरू. बाकीची तीनशे अठ्ठ्याऐंशी नावं ही फक्त माहिती असते, त्यांना ओळ मिळालेली नसते.

यादी वर सरकवली की सगळ्यात वरची ओळ स्क्रीनबाहेर जाते. ती फेकून न देता तिच्यावरचं नाव, गल्ली, रक्कम बदलून तीच ओळ खालून नव्या नावानिशी परत आणली जाते. जत्रेच्या पंगतीत वाढप्यांकडे ताटं असतात शंभर आणि जेवणारी माणसं हजार. जेवून उठलेल्याचं ताट धुऊन पुढच्या पंगतीला मांडायचं, तसंच हे.

असं का करावं लागतं? दोन कारणं. एक म्हणजे मेमरी. प्रत्येक ओळ म्हणजे अक्षरं, चित्र, बटण, रेघा असा सगळा संसार असतो. चारशेच काय, काही यादींत चार हजार ओळी असतात आणि सगळ्या एकदम मांडल्या तर साधा फोन गुदमरतो. दुसरं कारण वेळ. बहुतेक फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका वेळेला मिळतात साधारण १६.६ मिलिसेकंद. महागड्या फोनचा पडदा १२० वेळा बदलतो, तिथे तर ८.३ मिलिसेकंदच हाती राहतात. तेवढ्यात नवी ओळ जन्माला घालणं जड जातं, जुन्या ओळीवर नवं नाव लिहिणं सोपं. वेळ चुकली की यादी झटके खात सरकते. स्वस्तातल्या फोनवर हे झटके सगळ्यांनीच अनुभवलेले आहेत.

ही युक्ती नवी नाही. २००८ साली आयफोनसाठी बाहेरच्यांना ॲप बनवायची मुभा मिळाली तेव्हापासून तिथल्या यादीत ओळींचा पुनर्वापर आहे. अँड्रॉइडमध्येही तो पहिल्यापासून होता. २०१४ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी यादीचा नवा घटक दिला, त्याचं नावच 'रीसायकलर व्ह्यू'.

ताट न धुता वाढलं तर

आता टिकेकडे वळू. तिसऱ्या नावाच्या ओळीवर एजंटाने टिक केली. यादी सरकली, ती ओळ वरून बाहेर गेली आणि पंधराव्या खातेदाराचं नाव घेऊन खालून आली. नाव बदललं, रक्कम बदलली. टिक काढायची मात्र राहून गेली. आधीच्या जेवणाऱ्याची चटणी ताटाला तशीच चिकटलेली!

ॲप लिहिताना यात चूक होते ती अगदी बारकी. 'पैसे भरले असतील तर टिक दाखव' एवढंच लिहिलेलं असतं. 'भरले नसतील तर टिक काढ' हे दुसरं वाक्य लिहिलेलं नसतं. कोऱ्या ओळीला दुसऱ्या वाक्याची गरज नसते, वापरलेल्या ओळीला असते. ॲप बनवणारा चाचणीसाठी पाच-सहा नावं टाकून बघतो, ती सगळी एका स्क्रीनवर मावतात, सरकवायची वेळच येत नाही आणि दोष दिसतच नाही. तो दिसतो चारशे खाती असलेल्या एजंटाला, तेही भर बाजारात.

दुसराही प्रकार होतो. टिक फक्त ओळीवर नोंदवलेली असते, खात्यावर नाही. मग यादी खालीवर करून परत आलं की केलेली टिक गायब. एजंट पुन्हा टिक करतो आणि ॲपमध्ये पुरेशी अटकाव-व्यवस्था नसेल तर एकाच दिवशी दोनदा जमा पडते.

या प्रकारात एक दिलासा असतो. चुकीची टिक ही बहुतेक वेळा नुसती दिसण्यातली चूक असते, खतावणीत पैसे बरोबर नावावरच गेलेले असतात. तरी परिणाम व्हायचा तो होतो. टिक बघून एजंट त्या दुकानावरून पुढे निघून जातो आणि खातेदाराचा एक दिवस बुडतो.

ओळ क्रमांक आणि खाते क्रमांक

याहून वाईट चूक वेगळीच आहे आणि तिच्यात खरोखर पैसे इकडचे तिकडे होतात. एजंटाने सातव्या ओळीवर बोट ठेवलं की ॲपने काय लक्षात ठेवायचं? 'सातवी ओळ' की त्या ओळीवरच्या खात्याचा क्रमांक? काही ॲप 'सातवी ओळ' लक्षात ठेवतात. मग एजंट शोधपट्टीत 'पाटील' टाईप करतो, यादी आखडून बावीस नावांची होते आणि सातवा माणूस बदलतो. किंवा रक्कम टाकेपर्यंत ऑफिसमधून नवं खातं यादीत येतं, सगळी नावं एकेक घर खाली सरकतात आणि सातव्या जागी वरच्याचं नाव येतं. पन्नास रुपये चढतात तिसऱ्याच्याच नावावर.

वहीच्या काळातला कारकूनही सांगेल की ओळीला नाव नसतं, खात्याला असतं. यादी कितीही हलली, गाळली, उलटीसुलटी लावली तरी व्यवहार खाते क्रमांकालाच चिकटून राहिला पाहिजे. गुगलच्या मार्गदर्शनातही अँड्रॉइडच्या प्रोग्रामरना ओळीचा क्रमांक साठवून ठेवू नका, तो शिळा होतो, असं बजावलेलं आहे. नव्या पद्धतीत, म्हणजे फ्लटर किंवा जेटपॅक कंपोजमध्ये, न धुतलेल्या ताटाचा प्रकार कमी होतो कारण ओळ दर वेळी माहितीवरूनच मांडली जाते. पण तिथेही प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळखखूण दिलेली नसेल तर ओळीवरची अर्धवट टाईप केलेली रक्कम जागेला चिकटते, माणसाला नाही. साधन बदललं म्हणून काळजी संपत नाही.

बोटाखालची ओळ ऐन वेळी हलण्याचा त्रास तर सगळ्याच ॲपमध्ये आहे. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये वर एखादी जाहिरात किंवा 'अलीकडचे व्यवहार' उशिरा उमटतात, यादी खाली ढकलली जाते आणि बोट पडतं भलत्याच नावावर. तिथे पिन टाकण्याआधी नाव पुन्हा दिसतं, म्हणून बरंच निभावतं. पिग्मीच्या ॲपमध्ये असं दुसरं विचारणं ठेवलेलं नसेल तर ते मागून घ्यायला हवं. दर वेळी एक जास्तीचं बटण दाबायला लागतं म्हणून एजंट कुरकुर करतील. करू देत.

एका क्षणापुरता दुसऱ्याचा चेहरा

खातेदाराचा फोटो असलेल्या यादीत आणखी एक गंमत दिसते. वेगाने सरकवताना नाव एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा, आणि क्षणभराने फोटो बदलून बरोबर होतो. फोटो इंटरनेटवरून येतो, त्याला वेळ लागतो. तो मागवला तेव्हा ओळ एकाची होती, येईपर्यंत ती दुसऱ्याला दिली गेली. आलेला फोटो चिकटवण्याआधी 'ही ओळ अजून त्याच खात्याची आहे ना?' हे विचारायला हवं आणि तोपर्यंत जागा कोरी ठेवायला हवी. नेटवर्क धिमं असलेल्या भागात हा घोळ जास्त वेळ टिकतो.

फोटोंमुळे यादी अडखळते तेही असंच निष्काळजीपणाने. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. फाइल दोन-तीन एमबीची असली तरी पडद्यावर उलगडताना प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात आणि तो होतो साधारण ४८ एमबीचा. असे दहा फोटो एका स्क्रीनवर म्हणजे ४८० एमबी. तोच फोटो आधीच १५० गुणिले १५० ठिपक्यांचा करून ठेवला तर लागतात जेमतेम ९० केबी. अंगठ्याएवढ्या चौकटीत त्याहून जास्त काही दिसतही नाही.

मराठी नावांची वेगळी दुखणी

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेतल्या यादीला लागू आहे. पण सीमाभागातली यादी साधी नसते. एकाच पतसंस्थेत काही नावं इंग्रजीत, काही मराठीत, काही कन्नडमध्ये भरलेली असतात. कोणी कधी भरली त्यावर ते अवलंबून.

संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक अंक असतो. त्या अंकांच्या क्रमाने यादी लावली तर आधी इंग्रजी नावं येतात, मग देवनागरी, शेवटी कन्नड. चारशेपैकी दीडशे नावं इंग्रजीत असतील तर मराठी नाव दिसायला तेवढं सरकवत जावं लागतं आणि एजंट म्हणतो, 'यादीत नावच नाही.' बरं, मराठीतही सगळं सरळ नाही. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलेलं आहे. आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर. म्हणून अंकांप्रमाणे लावलेल्या यादीत काळे, कावळे, काशीद, कासार असा क्रम येतो, आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणारा माणूस कासारच्या खाली काळे शोधत बसतो. मराठीचा वर्णक्रम फोनमध्ये उपलब्ध असतो, ॲप बनवणाऱ्याने तो मागून घ्यावा लागतो इतकंच.

शोधपट्टीचा घोळ याहून अवघड. कऱ्हाडकर या आडनावातला अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टाईप होतो: एकात तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यात साध्या र पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळी आडनावं. ॲ या अक्षराचंही तसंच. ऑफिसच्या संगणकावर एका कीबोर्डने भरलेलं नाव एजंटाच्या फोनवरच्या दुसऱ्या कीबोर्डने सापडत नाही. इंग्रजीत भरलं तरी सुटका नाही, पाटीलचं स्पेलिंग शेवटी आय-एल की ई-ई-एल, हा वाद इथे घराघरांत आहे. यावर उपाय म्हणजे शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेणं, आणि ते जमत नसेल तर शोधात खाते क्रमांकाची किंवा मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांची सोय ठेवणं. अंक सगळ्यांचे सारखे.

ओळीची उंची हाही आपला प्रश्न. इंग्रजी नाव एका पट्टीत बसतं. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजी नावं धरून ठरवलेल्या उंचीत, त्यातून एखाद्या वयस्क एजंटाने फोनचं अक्षर मोठं करून ठेवलेलं असेल तर, खालचा उकार कापला जातो आणि 'गुरव'चा 'गरव' होतो. रुंदी कमी पडली की नावाचा शेवट कापून तीन टिंबं येतात. 'नारायण परशराम पाटील' आणि 'नारायण परशराम पाटणेकर' दोघेही 'नारायण परशराम पाट…' एवढेच उरतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव, म्हणजे ओळख पटवणारा भाग शेवटी. तो कापला की राहिलं काय? नाव दोन ओळींत जाऊ द्यावं आणि खाली गल्ली व खात्याचे शेवटचे आकडे द्यावेत. रकमेचा आकडा मात्र कधीही टिंबांनी कापला जाता कामा नये.

बेरीज कशाची?

वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज असे आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' म्हणून ती ओढली जाई. मोबाइलच्या यादीला पान नाही, पण माहिती मात्र सर्व्हरवरून तुकड्यातुकड्यांनीच येते: आधी पंचवीस नोंदी, खाली पोचलं की पुढच्या पंचवीस. वर दाखवलेली बेरीज आलेल्या तुकड्यांची आहे की संपूर्ण दिवसाची, हे दर वेळी स्पष्ट असतंच असं नाही. सरकवत गेलं की बेरीज वाढत असेल तर ती दिवसाची बेरीज नव्हे, हे नक्की समजावं.

तुकडे मागवण्याच्या पद्धतीतही एक खाच आहे. नवी नोंद वर, जुनी खाली अशी यादी असते. पहिल्या पंचवीस वाचत असतानाच ऑफिसमधून एक नोंद वर आली, की पंचविसावी नोंद सव्विसाव्या जागी जाते आणि पुढच्या तुकड्यात पुन्हा दिसते. एक नोंद रद्द झाली तर उलटं, सव्विसावी पंचविसाव्या जागी चढते आणि दोन्ही तुकड्यांच्या मधून निसटते. खातेदाराला एक भरणा दोनदा दिसतो किंवा दिसतच नाही. 'पुढच्या पंचवीस द्या' असं न मागता 'अमुक क्रमांकाच्या नोंदीनंतरच्या द्या' असं मागितलं की हा घोळ होत नाही.

घेण्याआधी पंधरा मिनिटं

छोट्या पतसंस्था ॲप तयार करून घेतात किंवा भाड्याने घेतात तेव्हा संचालक मंडळ किंमत बघतं, रंग बघतं, पावतीवर संस्थेचं चिन्ह येतं का ते बघतं. यादी कोणी सरकवून बघत नाही. बघायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. किमान दोनशे नावं भरून घ्यायची, तिसऱ्या नावावर टिक करून यादी तळापर्यंत न्यायची, मध्ये कुठे आपोआप टिक दिसते का बघायचं, परत वर येऊन आपली टिक जागेवर आहे का बघायचं. शोधपट्टीतून एक नाव काढून रक्कम भरायची, शोध पुसायचा आणि पैसे कुणाच्या खात्यावर चढले ते ऑफिसच्या संगणकावर तपासायचं. एक माणूस ऑफिसमधून नवी नोंद टाकत असताना दुसऱ्याने फोनवर भरणा करून बघायचा. फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करायचं, इंटरनेट बंद करून चालू करायचं. आणि हे सगळं विकायला आलेल्या माणसाच्या नव्याकोऱ्या फोनवर न करता संस्थेतल्या सगळ्यात जुन्या एजंटाच्या फोनवर करायचं.

खातेदाराच्या हातात मात्र ॲप नसतं. एजंटाने फोन वळवून 'हे बघा, जमा झाले' असं दाखवलं तर त्यातून कळतं ते एवढंच की त्या क्षणी त्या ओळीवर काय रंगवलेलं होतं. मोबाइलवर येणारा संदेश हा ओळीवरून निघत नाही, खात्यातल्या नोंदीवरून निघतो. त्यात खात्याचे शेवटचे आकडे, आजची रक्कम आणि एकूण शिल्लक या तिन्ही गोष्टी असतील तर त्या कालच्या संदेशाशी ताडून बघाव्यात. संस्था संदेश पाठवत नसेल तर छापील पावती मागावी, आणि महिन्यातून एकदा काउंटरवर जाऊन खात्याचा उतारा काढून घ्यावा.